बोन स्कॅन धूसर येतो तो केवळ कॅमेऱ्यामुळे नव्हे
बोन स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढलेली हाडांची प्रतिमा, धूसर आली की काही जण सारा दोष ती टिपणाऱ्या जुन्या गॅमा कॅमेऱ्याला देतात. तो मला पटत नाही. त्या औषधातील टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचे १४० केईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण टिपताना कॉलिमेटर (ठरावीक दिशेचेच किरण आत सोडणारी, कॅमेऱ्यापुढची जाळी) रुग्णापासून जितका दूर, तितकी प्रतिमेची तीक्ष्णता घटते. म्हणूनच डिटेक्टर (कॅमेऱ्याचा किरण टिपणारा भाग) छातीपासून उगाच वीतभर वर राहिला, तर नव्या कॅमेऱ्यातही बरगड्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. शिवाय इंजेक्शननंतर साधारण ३ तास थांबून, भरपूर पाणी पाजून आणि लघवीला जाऊन आल्यावरच रुग्णाला टेबलावर घ्यावे, कारण भरलेले मूत्राशय श्रोणीची हाडे झाकून टाकते (घाईच्या दिवशी नेमके हेच राहून जाते). थायरॉइड आणि जठर दोन्ही उजळ दिसले, तर मात्र औषधात मुक्त परटेक्नेटेट (हाडांत जाणाऱ्या औषधाशी न जोडलेले टेक्नेशियम) राहिल्याचा संशय आधी घ्यावा.