गिअरजवळच्या काळ्या चकचकीत प्लास्टिकवर चरे पडलेत, काय करू?

कुंभार्ली_घाट:
नमस्कार मंडळी, तीन महिन्यांपूर्वी नवीन गाडी घेतली, घरातली पहिलीच. चिपळूणला राहतो, रोज हायवेने जाणंयेणं, रस्त्याची कामं चालू त्यामुळे काचा बंद ठेवल्या तरी दार उघडलं की लाल धूळ आत येतेच. म्हणून रोज सकाळी निघायच्या आधी पिवळ्या फडक्याने डॅशबोर्डपासून सगळं पुसून काढतो. काल दुपारी गाडी उन्हात होती, ऊन तिरकं पडलं गिअरच्या भोवतीच्या काळ्या पॅनलवर आणि बघतो तर गोल गोल बारीक रेषांचं जाळंच जाळं. सावलीत काही दिसत नाही. फार वाईट वाटलं हो, इतकं जपून पण. शिवाय बाजूच्या दाराच्या खालच्या राखाडी प्लास्टिकवर पांढरे ओरखडे आहेत. मित्र म्हणतो टूथपेस्ट घास, ॲक्सेसरीवाला म्हणतो फिल्म लाव. कोणाचं ऐकू?

जांभा_चिरा:
टूथपेस्ट अजिबात नको!! त्यात घासणारी पावडर असते, आत्ता रेषा आहेत त्या जागी अख्खा भाग धुरकट होईल.

आणि दादा, चरे त्या सकाळच्या पुसण्यानेच पडलेत. रस्त्याच्या धुळीत माती असते, खडीचा चुरा असतो, वाळू असते. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या स्केलवर १० पैकी ७, काचेवर चरा पाडतो तो, तिथे प्लास्टिकची काय कथा. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण रगडले जातात. आधी धूळ उचलायची, मग पुसायचं. मी मेकअपचा मऊ मोठा ब्रश ठेवलाय गाडीत, त्याने दाब न देता झटकतो आणि दुसऱ्या हातात छोटा व्हॅक्यूम. मग मायक्रोफायबरचं मऊ फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, चौघडी घालायची, एक बाजू एकदाच वापरायची आणि हात सरळ रेषेत, गोल नाही. फडकं खाली पडलं तर धुतल्याशिवाय परत लावायचं नाही. रोज पुसायचीही गरज नाही, आठवड्यातून एकदा बास.

पाचवा_गिअर:
वरच्यांशी सहमत, पण फिल्मपण लावाच. पीपीएफ, म्हणजे बाहेर पेंटवर लावतात तीच टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) पारदर्शक फिल्म, छोटा तुकडा डिटेलिंगवाल्याकडे उरलेला मिळतो. बारीक रेषा तिच्याखाली बऱ्यापैकी लपतात. मी घरीच लावली. पॅनलवर बटर पेपर ठेवून पेन्सिलने कड गिरवली, तो कागद फिल्मवर ठेवून टेबलावर कापली (पॅनलवर ब्लेड लावू नका, मी पहिल्यांदा लावलं आणि तो चरा कायमचा राहिला). कडेपासून एखाद मिलिमीटर आत ठेवा, नाहीतर कोपरा नखाला लागून उचकटतो. स्प्रे बॉटलमध्ये पाणी आणि बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब, फवारा फिल्मवर मारायचा, पॅनलवर नाही, खाली स्विच आणि वायरिंग असतं. मग जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढायचं.

शोरूममधून येतं ते पातळ प्लास्टिक मात्र फिल्म समजून ठेवू नका. आमच्या काकांनी वर्षभर ठेवलं, उन्हाने गोंद असा चिकटला की काढताना रडकुंडीला आले.

कुंभार्ली_घाट:
खूप आभार, पिवळं फडकं आजपासून बाहेरच्या टायरला. दाराच्या ओरखड्यांचं काय?

दोन_पिल्लांची_आई:
ते आमच्याकडे कायम, मुलांचे बूट, माझ्या बांगड्या, ह्यांचं हातातलं कडं. ते प्लास्टिक दाणेदार असतं, रंग आतपर्यंत एकच असतो, घासल्यावर वरचे दाणे दबतात म्हणून पांढरं दिसतं. आधी ओल्या कपड्याने पुसा, अर्धे तर बुटाचेच डाग असतात. उरलेल्यांवर केस वाळवायचा ड्रायर लांबून फिरवा, थोडे फिके होतात. हीट गन नको, दाणेच वितळून तो भाग गुळगुळीत चमकायला लागतो. नखाला अडकतो इतका खोल चरा जात नाही, तिथे मी किक मॅटचं कापड लावलंय आणि मुलं पाय तिथेच ठेवतात, आता काळजी नाही.

सिलिकॉनवालं चकचकीत पॉलिश घेऊ नका, धूळ चिकटते आणि डॅशबोर्डवर लावलं तर समोरच्या काचेत चमक येते. आणि जिथे एअरबॅग लिहिलंय तिथे फिल्म, मॅट, चिकटवलेली मूर्ती, काहीही नको.

कुंभार्ली_घाट:
रविवारी फिल्म लावली. छान बसलीय, फक्त कप होल्डरच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आहे.

पाचवा_गिअर:
दोन-तीन दिवस हात लावू नका, पाण्याचा असेल तर आपोआप बसेल. मधे टणक ठिपका लागला तर धुळीचा कण अडकलाय, तेवढा कोपरा उचला, फिल्मवर फवारा मारा, परत बसवा.