बाजारच्या भाजीतून घरी उगवतं काय आणि कुजतं काय?

पूर्वेची_गॅलरी

नमस्कार मंडळी. ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरी पूर्वेची, साडेदहापर्यंत चांगलं ऊन, मग समोरच्या टॉवरची सावली. जानेवारीत भाजीची बुडं पुन्हा उगवायचे व्हिडिओ बघितले आणि डोक्यात किडा शिरला. मध्यंतरी स्वयंपाकघराच्या खिडकीत नऊ पेले ओळीने उभे होते. सासूबाई म्हणायच्या, “पाहुण्यांना पाणी द्यायला एखादा ठेव हो.”

आतापर्यंतचा हिशेब सांगते. कांद्याच्या पातीची बुडं मुळांसकट पाण्यात ठेवली, आठवड्यात वीतभर पात आली. चिरून पिठल्यावर घातली, घरात कौतुक झालं. दुसऱ्या खेपेची जरा बारीक. तिसऱ्या खेपेची शिवणाच्या दोऱ्यासारखी, आणि पाण्याला असा वास की नवरा गॅसचा नॉब तपासत बसला. गाजराच्या शेंड्यांना बशीत झालरीसारखी पानं फुटली, पण खाली गाजर काही धरेना. कोथिंबिरीची मुळांसकट जुडी चार दिवस टवटवीत, पाचव्या दिवशी चिखल. कढीपत्त्याच्या सहा काड्या वीस दिवस हिरव्या राहिल्या, मग एकेक करून टकल्या झाल्या. आलं फेब्रुवारीत कुंडीत पुरलं, सहा आठवडे पाणी घातलं, उकरून पाहिलं तर ठेवलं तस्संच. धुऊन चहात टाकलं. पुदिन्याला मात्र पाण्यात पांढरीशुभ्र मुळं फुटली. उत्साहाने कुंडीत लावला, उन्हात ठेवला, संध्याकाळपर्यंत मान टाकली ती टाकलीच.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. डासांच्या अळ्या तपासायला पालिकेच्या ताई आल्या होत्या. टेरेसवरच्या टाक्या वगैरे बघून झाल्यावर आमच्याकडे डोकावल्या आणि गवती चहाच्या पेल्यात टॉर्च मारला. वळवळ, वळवळ. शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर मी जेवणाआधी पोचले.

आता घरचा निकाल असा: पाण्याचे पेले बंद, चार कुंड्या ठेवायला परवानगी. चारच. रोपवाटिकेतून रोपं आणायची नाहीत, बाजारातून खायला आणलेल्या वस्तूतूनच उगवायचं, हा माझा हट्ट. काय लावू? आणि वरच्या यादीत माझं चुकलं कुठे?

बेरीज_वजाबाकी

कुंडी दीडशेची, माती-खत शंभराचं, तुमचे दोन महिने फुकट धरले तरी अडीचशे. उगवलेली पात दहा रुपयांची. पिठलं महाग पडलं.

वाळव्याचा_आजोबा

वजाबाकीसाहेब, हिशेब बरोबर आहे, पण बाईंनी विचारलाय दुसरा प्रश्न.

ताई, माझं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुका. नोकरी बँकेत झाली, आता पुण्यात असतो, पण लहानपण हळदीच्या रानात गेलंय. त्यामुळे तुमची यादी वाचताना पहिलं मनात आलं ते एवढंच की हातातल्या तुकड्याला डोळा आहे का, ते तुम्ही बघितलं नाहीत. डोळा म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा.

कढीपत्त्याचं घ्या. आपण जिला काडी म्हणतो ती फांदी नव्हेच. ती काडी आणि तिच्यावरची सगळी पानं मिळून ते एकच पान असतं. झाडावरून ओढलं की ते अख्खं पान तुटून येतं. पानाच्या देठाला कुठला आलाय डोळा? वीस दिवस हिरवं राहिलं हीच त्याची भलाई. याउलट पुदिन्याची काडी हातात धरून बघा, बोटभर अंतरावर पेर आहे, प्रत्येक पेरात समोरासमोर दोन डोळे. म्हणून तो पाण्यातही मुळं सोडतो.

गाजराच्या शेंड्याला डोळा असतो, पण तो पानांचा. गाजर ही झाडाने साठवलेली शिदोरी. तुमच्या बशीत ती शिदोरी मोडून पानं आली. खाऊन झालेली भाकरी परत टोपलीत येत नाही. कांद्याच्या पातीचंही तेच झालं. पहिल्या दोन खेपा बुडात साठलेल्या अन्नावर आल्या, नुसत्या पाण्यात खायला काय आहे? तीच बुडं पहिल्या दिवशी मातीत खोचली असती तर चार-पाच कापण्या मिळाल्या असत्या.

आल्याची चूक तुमची नाही, महिन्याची आहे. हिवाळ्यात काढलेलं आलं फेब्रुवारीत झोपलेलं असतं, त्याला पाणी घालून उठवता येत नाही. आता मे महिना आहे, आत्ता मंडईत जाऊन बघा. निवडताना सुकलेलं, सुरकुतलेलं सोडा. फुगीर तुकडा घ्या आणि टोकाशी बारीक पिवळट-हिरवा फुगवटा शोधा, तांदळाच्या दाण्याएवढा असला तरी पुरे. तो नखाने दुखवू नका. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा मोडून घ्या, मोडलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग डोळा वर करून दोन बोटं खोल लावा. वरून वाळका पाला. कोंब वर यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर उकरून बघायचं नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय.

आता माझ्या जिव्हाळ्याचं, हळद. किराणा दुकानातलं हळकुंड लावून फसलेले लोक मी पाहिलेत. ते शिजवून वाळवलेलं असतं. आमच्याकडे मोठ्या काहिलीत हळद शिजायची, आम्ही पोरं काडी खुपसून बघायचो, काडी सहज आत गेली की शिजली. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं टिकायची ती अशी शिजवून वाळवलेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनवाली झाली म्हणून शिजलेली हळद उगवणार थोडीच? तुम्हाला ओली हळद हवी, हिवाळ्यात लोणच्याला येते ती. घरात एखादा तुकडा विसरून राहिला असेल तर आता त्याला कोंब आलेला असेल. गावी बियाण्याचे जेठे गड्डे, म्हणजे मधले मोठे मूळ कंद, काढणीलाच बाजूला काढून झाडाच्या सावलीत पाल्याखाली झाकून ठेवायचे आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण करायची. म्हणजे तुम्हाला फारसा उशीर झालेला नाही. तांदळाच्या विणीच्या पिशवीला तळाशी सात-आठ भोकं पाडा, अर्धी माती, अर्ध्यात शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. एका पिशवीत तीन तुकडे. साडेदहापर्यंतचं ऊन तिला चालतं. नऊ महिने लागतील.

पुदिना परत लावा, तो तुमच्या हातून मरायला नको होता. पाण्यात वाढलेली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात आणि एकदम ऊन सोसत नाहीत. संध्याकाळी लावा, दोन पेरं मातीत जाऊ देत, आठवडाभर सावलीत ठेवा. खरं तर पाण्याचा पेला लागतच नाही. जुडीतल्या जाड, जांभळट काड्या घ्या, खालची पानं काढा, सरळ ओल्या मातीत खोचा. दहातल्या सहा-सात जगतात.

चौथी कुंडी फिरती ठेवा. आत्ता मायाळू, भाजीच्या जुडीतल्या जाड देठांना पेर असतात. दिवाळीनंतर मुळा. हिवाळ्यात मुळा आणाल तेव्हा पानांच्या बुडाशी तीन बोटं मुळा ठेवून कापा, कोवळी पानं मधे राहू द्या, मातीत बसवा. मुळा परत येणार नाही, पण तुरा येईल, फुलं येतील आणि त्याला डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील. बियाण्यासाठी मुळा करणारे शेतकरी हेच करतात. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी तुमच्या भाजीवाल्याकडे मिळते का विचारून बघा. कांद्याची पात कोपऱ्यावर दहा रुपयांना मिळते, तिच्यासाठी कुंडी अडवू नका.

धणे_रगडा

आजोबांना +१. कोथिंबिरीचं राहिलं म्हणून लिहितो. जुडीच्या मुळांच्या नादी लागू नका, तिचं एकच लांब सोटमूळ असतं, उपटताना ते तुटलेलं असतं आणि परत धरत नाही. डब्यातले धणे घ्या, भाजलेले नकोत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून पोळपाटावर वाटीच्या बुडाने हलकेच रगडून दोन फाका करायच्या, पीठ करायचं नाही. रात्रभर भिजवून पेरा. दहा-पंधरा दिवस काहीच दिसत नाही, धीर सोडू नका. पण मे महिन्यात नको. गरमीत दोन पानांवरच तुरा येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

सावंतवाडीची_माई

आजोबा सगळं बरोबर सांगतायत, पण अळू कसं विसरले? घाटावरचे ना! आमच्याकडे मागच्या दारी मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू आणि केळ असायचीच, कोणी मुद्दाम लावल्याचं आठवत नाही. ताई, अळवाची मुंडली किंवा छोटे कंद बाजारात येतात, उकडून खातात ते. त्यातला एक लावून टाक. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घाल, बाकी काही मागत नाही. वडीचं की भाजीचं ते पान आल्यावर कळेल, काळ्या देठाचं निघालं तर नशीब. खाजरं निघालं तर चिंच जास्त घाल. गॅलरीत आल्यापेक्षा हेच बरं, ठाण्याच्या पावसात आलं कुजतं.

आणि हळदीची पानं! आजोबांना कंदाचं पडलंय. आम्ही हळद लावतो ती पानांसाठी. नागपंचमीला पातोळ्या, गणपतीत मोदकाच्या चाळणीत खाली पान. मुंबई-ठाण्यात ती चार पानं शोधायला किती फिरावं लागतं ते मला माझ्या बहिणीकडून कळतं.

वाळव्याचा_आजोबा

माई, अळू विसरलो, कबूल. आल्याबद्दल मात्र अडून बसतो. आलं पावसाने कुजत नाही, साचलेल्या पाण्याने कुजतं. पिशवीखाली ताटली ठेवायची नाही, म्हणजे झालं.

आरोग्य_खात्यातला

डासांबद्दल थोडं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. पण नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. पेला आतून घासायचा. ताटल्यांनाही तेच लागू.

पूर्वेची_गॅलरी

सगळ्यांचे आभार. आजोबा, कढीपत्त्याची काडी म्हणजे पान हे वाचून मी फ्रीजमधून जुडी काढली आणि खरंच दर काडीच्या बुडाशी तुटल्याची ती फुगीर टाच बघितली. इतकी वर्षं फोडणीत टाकतेय!

हळद, आलं, पुदिना ठरलं. चौथ्या कुंडीवरून घरात वाद झाला. मी मायाळू म्हणत होते, सासूबाईंनी माईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाल्या, अळू. त्यांचं माहेर अलिबागचं हे मला माहीत होतं, पण मागच्या दारच्या अळवाबद्दल त्या पहिल्यांदाच बोलल्या. कंदही त्यांनीच निवडून आणला, भाजीवाल्याशी वाद घालून.

पूर्वेची_गॅलरी

गणपती झाले, आता खबर देते.

हळद माझ्या कमरेपर्यंत आली. तीन तुकड्यांपैकी दोन उगवले. चतुर्थीला सहा पानं कापली, मोदकांखाली घातली, झाकण काढल्यावर त्या वासाने शेजारच्या काकू स्वतःहून आल्या. ग्रुपवर त्याबद्दल काही नाही, असो.

पुदिना कुंडीबाहेर लोंबतोय. अळू भाजीचं निघालं, सासूबाईंनी दोनदा फदफदं केलं, खाजलं नाही.

आलं कुजलं. छान वीतभर वाढलं होतं, जुलैच्या शेवटी खालून पिवळं पडायला लागलं. हलवलं तर कोंब हातात आला, बुडाशी मऊ, घाण वास. पिशवी उचलली तर खाली ताटली, काठोकाठ भरलेली. खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून नवऱ्याने ठेवली होती. निदान अळ्या नव्हत्या, मी आधी तेच बघितलं. एक कडक तुकडा वाचला, तो धुऊन सुकवून परत लावलाय.

आजोबा, एक विचारायचं आहे. दसऱ्याला आणखी पानं हवी आहेत. कापली तर खाली कंद पोसायला कमी पडेल का?

वाळव्याचा_आजोबा

पडेल. पानं जेवढी, तेवढाच खाली गड्डा. बाहेरची, जुनी होत आलेली तीन-चार घ्या, मधला पोगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, आणि त्याच्या शेजारची दोन पानं यांना अजिबात हात लावू नका. वाचलेल्या आल्याच्या तुकड्याकडून यंदा फार आशा धरू नका, थंडीत तो झोपेल. तसाच राहू द्या, पाणी बंद करा, एप्रिलमध्ये बघू. आणि ताटलीऐवजी पिशवी दोन विटांवर ठेवून खाली बादलीचं झाकण तिरकं लावा, पाणी गॅलरीच्या जाळीकडे जाईल.