क्रिएटिनिन नॉर्मल असलं तरी

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत, असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. माझ्या वडिलांना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली होती आणि क्रिएटिनिन १.१. नव्या डॉक्टरांनी लघवीची एसीआर तपासणी (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण) करायला लावली, तर आकडा आला १८०! तो ३०च्या आत हवा. क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान झालेलं असतं. लघवीतून अल्ब्युमिन जायला लागतं ते सहसा त्याच्या खूप आधी. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही एसीआर तपासणी कराच.

आणि किडनीला त्रास देणाऱ्या गुडघेदुखीच्या गोळ्या! बाबांच्या उशाशी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची अर्धी संपलेली स्ट्रिप कायम असायची, मेडिकलमधून परस्पर आणलेली. डॉक्टरांनी आधी ती बंद केली, बीपीसाठी टेल्मिसार्टन दिलं. सहा महिन्यांनी एसीआर ९० वर आला.