६८ ची फायरबर्ड, इंजिन बदललेलं. विकताना किंमत कशी काढायची?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. माझ्याकडे १९६८ ची पॉन्टिअ‍ॅक फायरबर्ड कूपे आहे, २०१२ साली इथे ओहायोतच एका आजोबांकडून १६,००० डॉलरला घेतली होती. चालायची, पण धापा टाकत. पुढची नऊ वर्षं मी आणि माझा मुलगा शनिवार-रविवार तिच्यामागे होतो. क्रेटमधलं, म्हणजे कंपनीकडून खोक्यात बंद आलेलं, जनरल मोटर्सचं नवीन एलएस३ इंजिन, ४३० हॉर्सपॉवरचं, त्याला सहा गिअरचा टी५६ मॅग्नम गिअरबॉक्स, मागे फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल, चारही चाकांना विलवुडचे डिस्क ब्रेक, व्हिंटेज एअरचा एसी, आणि रुंद टायर बसावेत म्हणून मागचे व्हील टब (चाकावरची पत्र्याची कमान) आतून कापून मोठे केले. रंगही बदलला, मूळ हिरवी होती, आता गडद करडी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात घर विकून लेकीजवळ लहान घरात जायचंय, तिथे गॅरेज नाही, त्यामुळे मन घट्ट करून गाडी विकायचं ठरवलंय. सगळ्या पावत्या फाइलला लावल्यात, बेरीज ७१,००० डॉलर होते, गाडीचे १६ वेगळे. आता शेजारी म्हणतो ४० देतो, आत्ता घेऊन जातो. आणि कमिशनवर जुन्या गाड्या विकणारा एक डीलर म्हणतो आमच्याकडे ठेवा, ९० आरामात येतील. दोन माणसं, एकच गाडी आणि मधे ५० हजारांचा फरक. खरं कुठे धरायचं?

चार्जरवाला

दादा, गाडी झकास असणार, वाचूनच कळतंय. पण एक गोष्ट आधीच सांगतो, ती पावत्यांची बेरीज किंमत काढताना बाजूला ठेवा. घेणारा तुमचा खर्च विकत घेत नाही, तो आत्ता समोर उभी असलेली गाडी घेतो आणि तशाच दुसऱ्या गाडीशी ताडून बघतो. पावत्या फेकायच्या नाहीत हं, त्या खूप कामाच्या आहेत, पण पुरावा म्हणून. काम कधी झालं, कुठले पार्ट आहेत, कोणी बसवले हे त्यातून दिसतं आणि घेणाऱ्याची भीती जाते.

डीलरचा ९० हा आकडा म्हणजे गाडी त्याच्या शोरूममध्ये यावी म्हणून सांगितलेला आकडा असू शकतो. मी माझी डॉज चार्जर अशीच एकाकडे कमिशनवर ठेवली होती, सात महिने नुसती उभी राहिली, दर महिन्याला फोन यायचा की थोडं कमी करू या. शेवटी घरी आणली तेव्हा बॅटरी मेलेली आणि ड्रायव्हरच्या दारावर ओरखडा.

तुम्ही असं करा, ब्रिंग अ ट्रेलर या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जा, तिथे झालेले लिलाव सगळ्यांना बघता येतात, आणि ६७ ते ६९ च्या फायरबर्ड काढा ज्यांच्यात एलएस इंजिन आणि मॅन्युअल गिअर आहे. फक्त विकल्या गेलेल्या. जिथे नुसती शेवटची बोली दिसते आणि गाडी विकलेली नाही तिथे मालकाला तो भाव पटला नाही एवढंच कळतं. आणि जाहिरातीत मागितलेली किंमत तर अजिबात धरू नका, मागायला काय, कोणी काहीही मागतं. प्रत्येक लिलावाखालच्या कॉमेंट नक्की वाचा, तिथे जाणकार लोक एकेक वेल्ड बघून बोलतात, तुमच्या गाडीला उद्या काय विचारतील ते तिथेच कळेल.

गॅरेजातली_ताई

चार्जरवाल्यांशी सहमत. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टीचं किंमत बघायचं टूल पण बघा, तिथे एक ते चार अशा कंडिशन असतात, एक म्हणजे स्पर्धेत मांडायची आणि चार म्हणजे चालती पण थकलेली. फक्त लक्षात ठेवा, ते आकडे कारखान्यातून आली तशी गाडी धरून असतात. तुमच्या गाडीला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण साधी गाडी कुठे आहे हा तळ कळतो.

मी बॉडीचं काम करते म्हणून त्या बाजूने सांगते. ओहायोची गाडी म्हटल्यावर घेणारा पहिला प्रश्न गंजाचाच विचारणार, रस्त्यावर मीठ टाकतात तिथली गाडी. या गाड्यांचा सगळ्यात फसवा भाग म्हणजे काऊल, विंडशील्डच्या खालची ती जाळीची पट्टी. वर्षानुवर्षं पानं आत पडून कुजतात आणि पत्रा आतून खातात, बाहेरून रंग आरशासारखा. बादलीभर पाणी हळूहळू त्या जाळीत ओता आणि आत कार्पेट उचलून पायाजवळ हात लावून बघा. ओलं लागलं तर छिद्र आहे. हे घेणाऱ्याने शोधण्यापेक्षा तुम्ही शोधलेलं बरं.

रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन मागचे क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकांभोवतीचा बाजूचा पत्रा, पण मोजा. आकडा एका जागी एकदम तिप्पट-चौपट झाला की खाली पुट्टी आहे. असली तर सांगून टाका, सांगितलेली पुट्टी काही हजारांना पडते पण लपवलेली पुट्टी अख्खा सौदा मोडते. आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून फोटो काढा, भरपूर.

बदलांबद्दल माझं मत: ब्रेक, एसी, चांगला गिअरबॉक्स हे घेणाऱ्याला हवंच असतं, त्याचे थोडेफार पैसे परत येतात. रंग, चाकं, सीटचं कापड ही ज्याची त्याची आवड, तिथले पैसे गेले समजा. आणि कापाकापी झाली की काही गिऱ्हाईक कायमचे जातात, कारण ते परत फिरवता येत नाही.

पॉन्टिअ‍ॅकवेडा

थांबा थांबा, सगळे एलएस३ बद्दल बोलताय, मूळ इंजिन कुठलं होतं ते कोणी विचारलंच नाही!! दादा, ही गाडी ३५० होती की ४००, म्हणजे इंजिन किती घनइंचाचं? १९६८ च्या फायरबर्डच्या व्हिनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, ते कळत नाही. २२३३७ ने सुरू होतो ना तुमचा? त्यातला २ म्हणजे पॉन्टिअ‍ॅक, २३ म्हणजे फायरबर्ड, ३७ म्हणजे कूपे, बस. आठ सिलिंडरच्या व्ही८ इंजिनांमधलं कुठलं ते त्यात नाही. त्या वर्षी एक लाखाच्या वर फायरबर्ड बनल्या, त्यातल्या साध्या गाडीत आणि खऱ्या ४०० मध्ये घेणारा खूप फरक करतो.

पॉन्टिअ‍ॅकवाल्यांचं नशीब असं की कारखान्याच्या बिलिंगच्या नोंदी टिकल्यात. पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसला व्हिन कळवून फी भरली की तुमच्या गाडीच्या मूळ नोंदीची प्रत येते, इंजिन, गिअरबॉक्स, रंग, ऑप्शन सगळं. शेवरलेवाल्यांना त्या काळच्या गाड्यांसाठी अशी सोय नाही, ते बिचारे पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेले बिल्ड शीटचे (कारखान्यातल्या जुळणीच्या यादीचे) तुकडे शोधत बसतात. आधी ते मागवा मग किंमतीचं बोलू. आणि जुनं इंजिन काढलं त्याचं काय केलं?

ओहायोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे, सोबत जुना चार गिअरचा गिअरबॉक्स पण. शेजारी म्हणाला तीनशे डॉलर देतो, जागा मोकळी होईल, म्हणून या रविवारी तो उचलायला येणार होता.

पॉन्टिअ‍ॅकवेडा

रविवार रद्द करा!! आत्ता फोन करा त्याला.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, पॅसेंजरच्या बाजूला, ब्लॉकवर एक सपाट जागा असते, तिथे व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. ब्रेक क्लीनर मारून जुन्या सुती कापडाने पुसा. सँडपेपर नको, वायर ब्रश नको, स्क्रूड्रायव्हरने खरवडणं तर नकोच. त्या जागेवर कारखान्यातल्या मशीनच्या बारीक बारीक रेषा असतात आणि जाणकार माणूस भिंग घेऊन त्याच बघतो, त्या गेल्या की नंतर कोणीतरी आकडे ठोकलेत असा संशय येतो. आकडा २८ ने सुरू झाला पाहिजे, २ पॉन्टिअ‍ॅकचा आणि ८ साल १९६८ चा, मग कारखान्याचं अक्षर, मग सहा आकडे. डॅशवरच्या प्लेटशी जुळतंय का बघा. त्या प्लेटला मात्र हात लावू नका, फुलासारख्या डोक्याचे रिव्हेट असतात त्याला, ते हललेले दिसले तरी लोक मागे सरतात, आणि व्हिनची प्लेट काढणं कायद्याने गुन्हाच आहे.

ओहायोकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि दोघांनी मिळून पुसलं. आधी नुसता काळा चिकट थर, चौथ्या कापडाला २८ दिसलं, मग एकेक आकडा वर आला. तंतोतंत जुळतो. मुलगा तिकडे ओरडलाच. आणि काल नोंदींची प्रत आली: फायरबर्ड ४००, चार गिअर मॅन्युअल, रंग व्हर्डोरो ग्रीन. बारा वर्षं घरात होती आणि आम्हाला माहीत नव्हतं. काऊलमध्ये पाणी ओतलं, डावीकडे कोरडं आहे, उजवीकडे कार्पेटखाली थोडं ओलं लागलं.

मिशिगनचा_मामा

अभिनंदन! माझा सल्ला: एलएस३ काढून विका, मूळ ४०० नीट बांधून बसवा, परत हिरवा रंग द्या. खरी नंबर जुळणारी ४०० म्हणजे वेगळंच गिऱ्हाईक येईल.

गॅरेजातली_ताई

मामा, भावना समजते पण हिशोब बसत नाही. या गाडीत टी५६ मॅग्नम बसवायला फ्लोअरचा टनेल, म्हणजे गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा, कापावाच लागतो, तो कापलेला असणार. मागचे टब कापलेत. म्हणजे मूळ रूपात आणायचं तर इंजिन आणि रंगच नाही, पत्र्याचं कामही सगळं परत. एवढं करून पण खालून बघणारा म्हणणार की ही एकदा कापलेली गाडी आहे. ३०-४० हजार घालून १५ मिळवायचे असं होईल. त्यात दादांना पुढच्या उन्हाळ्यात घर सोडायचंय. नका करू. ओल्या बाजूचा काऊल मात्र नीट करून घ्या किंवा फोटोसकट जाहिरातीत लिहा.

चार्जरवाला

ताईंना अनुमोदन. गाडी आहे तशी विका, आणि मूळ इंजिन, गिअरबॉक्स, ती नोंदीची प्रत सगळं गाडीबरोबर द्या. इंजिन वेगळं विकू नका, वेगळं काढलं तर तो नुसता एक ४०० चा ब्लॉक, या गाडीबरोबर असला तर तो याच गाडीचा ब्लॉक.

विकलेल्या गाड्या बघितल्या का दादा?

ओहायोकर

बघितल्या. गेल्या दीड वर्षातल्या सात मिळाल्या. एक नावाजलेल्या बिल्डरने बांधलेली होती ती सोडली, एकीला गंज होता ती पण सोडली. उरलेल्या पाच ५१ ते ६७ हजारांमध्ये विकल्या गेल्यात.

चार्जरवाला

हे बघा, आता कसं जमिनीवर आलं. त्या पाचांमधली तुमच्या सगळ्यात जवळची कुठली ते शोधा, तीच खरी मोजपट्टी, सरासरी नको. समजा ती ५८ ला गेली. काऊल आणि जुना होत चाललेला रंग याचे ४ वजा करा, इंजिन आणि कागदांचे माझ्या मते ५ मिळवा, म्हणजे ५९ च्या आसपास. मग लिलावाची फी, ट्रान्सपोर्ट, डिटेलिंग हे काढून हातात काय उरतं ते बघा आणि त्या आकड्याची तुलना शेजाऱ्याशी करा. त्याला काहीच फी नाही, उद्या चेक देतोय, म्हणून त्याच्याकडून थोडं कमी आलं तरी चालेल, पण ४० फार कमी झाले.

इन्शुरन्सच्या अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा आकडा कोणी विकायची किंमत म्हणून सांगितला तर तो पण धरू नका. ती गाडी नष्ट झाली तर किती द्यायचे याची कंपनीशी ठरलेली रक्कम असते, बाजारभाव नाही. आणि जाहिरातीत लिहा की कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही, तिकडच्या गिऱ्हाइकाला इंजिन बदललेलं म्हणून काळजी वाटायला नको.

ओहायोकर

सगळ्यात जवळची ६० ला गेलीय, तिच्यात मूळ इंजिन नव्हतं. काऊलचं काम सांगितलंय, चौदा दिवस लागतील. शेजाऱ्याला आज ५५ सांगितले, तो विचार करतो म्हणाला. त्याने नाही म्हटलं तर एप्रिलमध्ये लिलावाला लावतो, ५४ रिझर्व्ह ठेवून, म्हणजे त्याखाली विकायची नाही. शनिवारी मुलगा येतोय, लिफ्टवर चढवून खालचे फोटो काढणार आहोत, टनेल कापलाय तिथले जवळून. इंजिन ताडपत्रीतून काढून स्टँडवर घेतलंय, आकड्यांवर तेलाचा हलका हात मारून ठेवलाय. फोटो इथेच टाकतो, ताई तुम्ही वेल्ड बघून सांगा.

गॅरेजातली_ताई

नक्की टाका. टनेलच्या दोन्ही बाजूंनी, आणि फ्लॅश बंद ठेवून, बाजूने टॉर्च मारून काढा, म्हणजे वेल्ड नीट दिसेल.