मदत हवी आहे: आप्पा आयसीयूत आहेत, नाकातल्या नळीतून एवढंसं फीड पुरतं का?

नमस्कार. सोलापुरातून लिहितोय. आप्पांना (वय 64, वजन 62 किलोच्या आसपास, जुना डायबेटिस) गुरुवारी पहाटे मोठा अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, पण बीपी टिकेना, म्हणून त्याच दिवशी व्हेंटिलेटर लावला. आज सहावा दिवस. हृदयाचं पंपिंग 25 टक्के सांगितलंय, किडनीचं क्रिएटिनिन (रक्ततपासणी) 2.1.

डॉक्टर मनापासून करतायत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. माझा प्रश्न खाण्याचा आहे. पहिले दोन दिवस आप्पांच्या पोटात काहीच गेलं नाही. शनिवारी दुपारी राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड सुरू केलं, तासाला 20 मिली. काल संध्याकाळी बीपी परत खाली आलं, नॉरॲडचा (बीपी चढवणाऱ्या औषधाचा) डोस वाढवला आणि फीड बंद केलं. आज सकाळी पुन्हा 20 ने सुरू. मी हिशेब केला. दिवसाला 480 मिली, मिलीला एक कॅलरी धरली तर पाचशेसुद्धा होत नाहीत. चाळीस वर्षं लूमवर उभा राहिलेला माणूस, दोन्ही वेळेला तीन-तीन भाकरी खाणारा. आता त्यांचा हात हातात घेतला की मनगटाचं हाड लागतं.

यावरून घरात रोज वाद चाललाय. आत्या मंगळवेढ्याहून आली आहे. ती म्हणते, "उपाशी ठेवून कुणी बरं झालंय का? ज्वारीची आंबील करते, फडक्यातून गाळून देते की, नळीतूनच तर सोडायची आहे." आईलाही तेच पटतंय. चुलतभाऊ रोज सात रस्त्यावरून शहाळी घेऊन येतो. सिस्टर दोन्हीला नाही म्हणाल्या, पण का ते सांगायला त्यांना उसंत नव्हती. डॉक्टर राउंडला पाच मिनिटं भेटतात आणि त्यात हृदय आणि किडनीचंच बोलणं होतं.

आप्पा खरंच उपाशी पडतायत का? फीड मध्येच बंद का केलं असेल? घरचं दिलं तर बिघडतं काय? आणि उद्या राउंडला मी नेमकं काय विचारू? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

रात्रपाळी:
दादा, मी पुण्यात 14 वर्षं कार्डियाक आयसीयूत सिस्टर आहे. पेशंट न बघता सल्ला देणं बरोबर नाही, पण आमच्याकडे हे का करतात ते सांगते.

बीपी पडलं की शरीर उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. नॉरॲडचा डोस चढा असेल तर आतड्याच्या रक्तवाहिन्या आणखी आवळल्या जातात. आतड्यात अन्न पडलं की पचवायला त्याला रक्त जास्त लागतं, आणि तेच नेमकं नसतं. क्वचित आतड्याचा भाग काळा पडतो. हे दुर्मीळ आहे, पण झालं तर फार वाईट. फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवरच्या, बीपीचं औषध चालू असलेल्या 2410 पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, न्यूट्रिरिया-2 नावाचा, 2018 साली छापून आला. सुरुवातीपासून नळीतून पूर्ण फीड दिलेल्या गटात 19 जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, शिरेतून पोषण दिलेल्या गटात 5 जणांच्या. म्हणून डोस वाढला की आम्ही फीड थांबवतो आणि बीपी स्थिर झालं की थोडक्याने सुरू करतो. काल तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय.

तासाला 20 मिली हे पोट भरायला नसतंच. आतडं अगदी रिकामं राहू नये, त्याचं अस्तर टिकावं म्हणून ते असतं. त्याच मंडळींचा पुढचा अभ्यास 2023 चा, तीन हजारांहून जास्त पेशंट. एका गटाला पहिला आठवडा किलोमागे रोज फक्त 6 कॅलरी, दुसऱ्याला 25. तीन महिन्यांनंतरच्या मृत्यूंमध्ये फरक नव्हता, उलट कमी कॅलरीवाले आयसीयूतून बाहेर पडण्याजोगे थोडे लवकर झाले. 62 किलोला 6 प्रमाणे 372 होतात. तुमच्या हिशेबाने आप्पांना, फीड बंद नसेल त्या दिवशी, त्याहून जास्तच मिळतंय. इतक्या आजारात शरीर स्वतःचाच साठा मोडून साखर बनवत असतं, बाहेरून कितीही ओतलं तरी ते थांबत नाही. मनगट बारीक दिसतंय ते बरंचसं त्यामुळे आणि पडून राहिल्यामुळे. ते बघणं किती जड जातं, मला माहीत आहे.

अक्कलकोट_रोड:
माझ्या आईच्या वेळी आम्ही मुगाचं पाणी गाळून नेलं होतं. एका हॉस्पिटलात सिस्टरनी आग्रहाखातर घातलं, नळी चोंदली. नवीन नळी घातली, पुन्हा एक्सरे काढून ती पोटातच आहे ना हे बघावं लागलं, आईच्या नाकातून रक्त आलं. आपल्याकडचा एप्रिल, डबा घरून निघून आयसीयूच्या दाराशी तासभर तसाच पडतो. आत्यांना एवढं सांगा.

थाळीतलं_शास्त्र:
मी आहारतज्ज्ञ आहे. आंबील आंबवलेली, म्हणजे त्यात जिवंत जंतू असतातच, आणि तिच्यात कॅलरी किती, प्रोटीन किती हे मोजता येत नाही. पावडरचं फीडसुद्धा एकदा कालवलं की चार तासांच्या आत संपवायचं असतं. शहाळं मात्र अजिबात नको. त्यात पोटॅशियम भरपूर. क्रिएटिनिन 2.1 असलेल्या पेशंटच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

उद्या डॉक्टरांना विचारा: फीड दाट करता येईल का? मिलीला दीड कॅलरीचं तयार फीड मिळतं. कमजोर हृदयाला पाणी मोजून द्यावं लागतं, तेव्हा तेवढ्याच पाण्यात जास्त अन्न जातं. बीपी सावरल्यावर प्रोटीन किती ठेवणार, हेही विचारा. युरोपातल्या नियमात किलोमागे रोज 1.3 ग्रॅम हळूहळू गाठायचं आहे, पण किडनी दुखावलेली असताना त्याची घाई करत नाहीत. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याचं फीड वाढवलं की रक्तातलं फॉस्फेट एकदम खाली येतं, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. ते तपासलंय का बघा.

डायबेटिस आहे म्हणून एक सर्वांत महत्त्वाचं. फीड अचानक थांबतं आणि इन्सुलिन तसंच चालू राहतं, मग साखर उतरते. बेशुद्ध माणूस घाम फुटला हेही सांगू शकत नाही. फीड बंद केलं की इन्सुलिनचं काय करता, हे नक्की विचारा.

रात्रपाळी:
गोळ्यांचंही विचारा. हृदयाच्या काही गोळ्या दिवसभर सावकाश विरघळणाऱ्या असतात, मेटोप्रोलॉल एक्सएलसारख्या. त्या कुटून नळीतून दिल्या तर पूर्ण डोस एकदम सुटतो. साधी गोळी बदलून घेता येते. आणि पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर आहे ना, तेवढं तुम्ही भेटायच्या वेळी डोळ्याने बघू शकता.

मूळ धागाकर्ता (तीन दिवसांनी):
तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत. मी प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टर थांबले, खुर्ची ओढून बसले आणि प्रत्येकाचं उत्तर दिलं. इन्सुलिन पंपावर आहे, फीड थांबलं की तेही थांबवतात आणि तासातासाला साखर बघतात. फॉस्फेट मात्र कमीच निघालं, शिरेतून दिलं. नॉरॲड निम्म्यावर आलंय, दाट फीड तासाला 35 पर्यंत चढवलंय. क्रिएटिनिन 1.6.

आत्याला मी "आतड्याला रक्त पुरत नाही" असं सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. मग म्हणाली, "मग असं आधी सांगायचं की." आता ती आंबील आमच्यासाठी करते. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही पितो, आईसुद्धा.

परवा व्हेंटिलेटर काढून बघणार आहेत. घशातली नळी निघाल्यावर गिळायला त्रास होतो, पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. पहिला घोट कधी देतात, आधी पातळ की घट्ट, तेव्हा कुणाची मदत घ्यायची, हे कुणी अनुभवाने सांगेल का? आप्पा शुद्धीवर आले की पहिलं पाणीच मागतील, आणि शेजारी आई बसलेली असेल.