कुठल्या सिनेमाचा पुढचा भाग बघायचा राहिलाय? आपापले अनुभव लिहा

वाडीवरचा
काल आई टीव्हीवर 'नवरा माझा नवसाचा २' बघत होती. मी बाजूला हाताला खोबरेल लावून फणसाचे गरे काढत बसलेलो. जाहिराती लागल्या तशी म्हणाली, "त्या लक्ष्याच्या बाहुल्याचं पुढे काय झालं रे? तेव्हा लाईट गेली होती ना."
तेव्हा म्हणजे १९९४ चा मे महिना!

आमच्या वाडीची सत्यनारायणाची पूजा, गुहागरच्या अलीकडे. वर्गणी काढून चिपळूणहून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणलेल्या. खळ्यात गोणपाटं अंथरून बायका-पोरं, पुरुष मंडळी गडग्यावर विड्या ओढत. आरती, प्रसाद, मग 'धूमधडाका'. सगळ्यांचा पाठ होता तरी बघितला. दुसरा 'झपाटलेला'. तात्या विंचू लक्ष्याच्या अंगात शिरायला टपलेला, आता मंत्र म्हणणार, आणि लाईट गेली. गेली ती गेलीच. व्हीसीआरवाला पहाटेच्या एसटीने सामान घेऊन परत. तिसरी कॅसेट कुठली होती ते आजवर कळलेलं नाही.

आतेभाऊ मुंबईहून आलेला. मी थेटरात बघितलाय म्हणाला. मग रोज दुपारी मोठी माणसं झोपली की काजूखाली पुढचा भाग. त्याच्या गोष्टीत बाहुला होडीत बसून दाभोळहून धोपाव्याला उतरला, तिथून बोंबलांच्या टोपलीत लपून बाजारात आला. महिनाभर चाललं हे. जूनमध्ये दादा परत गेला तेव्हा बाहुला आमच्या शाळेच्या कौलांवर बसलेला होता. शाळा सुरू झाल्यावर पहिला आठवडाभर मी पाढे म्हणताना वर बघत होतो.

खरा शेवट कॉलेजात असताना बघितला. इतकंच? असं झालं. २०१३ ला दुसरा भाग थ्रीडी आला तोही चष्मा लावून बघितला. चांगला असेल, पण कौलांवरचा बाहुला त्यात नव्हता.
तर तुमचं कुठे अडलंय ते लिहा.

रातांबे_फोडणारी
तिसरी कॅसेट 'माहेरची साडी'. पैज लावते. आमच्याकडे कायम शेवटाला तीच, म्हणजे बायका पहाटेपर्यंत हलत नाहीत आणि चहा आपोआप होतो.
त्याचा पुढचा भाग नको मात्र. एकदा रडून झालंय.

सडा_आणि_समुद्र
मे महिन्यात बोंबलांची टोपली म्हणजे सुके ना? ओल्यात लपला असता तर बाहुल्याला वास राहिला असता 😄

वाडीवरचा
सुके सुके. दादाने वासाचाही एक आख्खा भाग केला होता. मांजरं मागे लागतात.

डबलबेल
मी एसटीत कंडक्टर होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. 'नवरा माझा नवसाचा' २००४ ला आला तेव्हा रत्नागिरी डेपोतले आम्ही आठ-दहा जण ड्युटी बदलून बघायला गेलो. मुंबई ते गणपतीपुळे एसटी आणि कंडक्टर अशोकमामा, म्हणजे आमचाच सिनेमा. बाकीचं थेटर हसत होतं, आम्ही त्यांच्या हाताकडे बघत होतो. तेव्हा मशीन नव्हतं आमच्याकडे. तिकिटांचा ट्रे आणि पंच. तो पंच रिकाम्या हातातपण वाजवायची सवय लागते, टिक टिक टिक. बायको जेवायला बसल्यावर ओरडायची. रात्री मुक्कामाच्या गाडीला गावात देवळाच्या ओसरीवर कंदिलात वेबिल जुळवायचं, दोन रुपये कमी आले तर खिशातले. हे कुठल्या सिनेमात येणार.
दुसरा भाग २०२४ ला आला, मुलाने चिपळूणला नेलं. बघतो तर सगळे कोकण रेल्वेत आणि अशोकमामा टीसी! हसलो, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, तुम्हीपण गाडी सोडलीत का मामा. तिसरा काढणार असाल तर परत एसटीत या.

पनवेल_ते_पणजी
तिसरा भाग मुंबई-गोवा हायवेने काढा. चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. एक डायव्हर्जन आलं की मध्यंतर. नवस फेडायला नातू पोचेल.

सडा_आणि_समुद्र
माणगावला नायक-नायिका भेटतात, कोलाडला लग्न, वाकण फाट्याला बारसं

रातांबे_फोडणारी
उलटं झालं की, मुंबईकडे चाललेत का? 😂

जगबुडीकाठ
मी खेडचा. २०१८ ला 'तुंबाड' सिनेमा आला तेव्हापासून एकच प्रश्न झेलतोय, हे तुंबाड गाव खरंच आहे का? आहे. जगबुडीच्या काठाला, खेड तालुक्यात. सिनेमात दाखवलंय तसलं काही नाही, माणसं आहेत, गुरं आहेत, आता पाऊस लागेल म्हणून कौलं शाकारतायत. पुण्याचे दोन पोरगे बाईकवरून आले, मला विचारतात वाडा कुठेय. म्हटलं वाड्याचं शूटिंग इथलं नाही, तिकडे सासवडला जा. तोंडं उतरली. आईने आमसुलाचं सरबत दिलं तेवढ्यावर गेले.
पण सिनेमा बघून मी स्वतः रात्री आडावर गेलो नाही पंधरा दिवस, हे घरी सांगू नका. पहिल्यांदा आला तेव्हा फार चालला नाही, सप्टेंबर २०२४ ला परत लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला, आणि त्याच दिवसांत त्यातला नायक आणि निर्माता सोहम शाहने दुसऱ्या भागाची घोषणा केली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे त्यात नाहीत म्हणे. तिथेच माझं मन थोडं खट्टू झालंय. तो पाऊस त्यांनी चार चार पावसाळे थांबून घेतलेला. पावसासाठी थांबणारा माणूस परत कुठून आणणार.

जुनी_पेटी
नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून घेतलेलं, गोष्ट वेगळी. कादंबरीवर कोणीतरी नीट मालिका काढा. चार पिढ्या आहेत, दहा भाग सहज निघतील. आमच्याकडची प्रत वाचनालयाची आहे, १९९८ पासून परत करायची राहिलीय.

जगबुडीकाठ
दंड भरायला वाडाच विकायला लागेल तुम्हाला

तिठ्यावरचो
माका इचारशात तर 'रात्रीस खेळ चाले'चो पिक्चर होवक होयो. आमी आकेरीच्या बाजूचे. पयल्या भागात अण्णा मेले, मगे २०१९ ला दुसरो भाग इलो तर अण्णा जिते! आमच्या आयेक ह्या काय समजला नाय. मेललो माणूस परत कसो इलो म्हणान तिनी देवाक गाऱ्हाणा घातल्यान. मी सांगलंय, आये ह्या मागचा दाखवतत. ती म्हणता, मागचा आदी दाखवूक काय झाला हुता?
वाडो बघूक गाडये भरून लोका येयत. च्या पिऊन जायत. आमका बरा.

माहेर_वेंगुर्ला
तिठ्यावरचो, मालवणी वाचून बरं वाटलं हो. इथे बदलापुरात कोणाशी बोलणार.

तिठ्यावरचो
येवा गो बाय मे महिन्यात, घर आपलाच

अर्धवट_दिवा
'अशी ही बनवाबनवी'!! अजून कोणी कसं लिहिलं नाही?

जुनी_पेटी
त्याचा पुढचा भाग कोण करणार? १९८८ चा सिनेमा. लक्ष्मीकांत आणि सिद्धार्थ रे दोघे २००४ मध्येच गेले, सुधीर जोशी २००५ ला. चारातले दोन नाहीत आणि घरमालकही नाही.

अर्धवट_दिवा
हल्ली संगणकावर करतात ना चेहरा

जुनी_पेटी
नको. कृपा करा. लक्ष्याचं टायमिंग त्याच्या चेहऱ्यात नव्हतं.

डबलबेल
बरोबर बोललात.

अर्धवट_दिवा
बरं बाबा. मग 'दृश्यम' चालेल? तिसरा हिंदीत २ ऑक्टोबर २०२६ ला जाहीर केलाय, तारीखपण बघा कशी धरलीय, गोष्टीतलीच २ ऑक्टोबर. त्यात नायक जपलेली तिकिटं दाखवून पोलिसांना गुंगवतो ना, आमचे काका पहिला भाग बघून आल्यापासून प्रत्येक एसटीचं तिकीट जपून ठेवतात. बिस्किटाचा डबा भरलाय. काकांनी आयुष्यात कोंबडीसुद्धा मारलेली नाही.
@डबलबेल तुम्हाला पोलिसांनी विचारलं असतं, हा माणूस त्या दिवशी गाडीत होता का, तर सांगितलं असतंत?

डबलबेल
प्रवासी लक्षात राहत नाही. पाचशेची नोट देऊन अकरा रुपयांचं तिकीट मागणारा मात्र तारखेसकट सांगतो.

सातबारा_सामायिक
'नारबाची वाडी' (२०१३). खोत म्हातारा मरायची वाट बघतोय आणि म्हातारा मरत नाही. बाहेरच्यांना विनोदी वाटतो. आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, त्यातली नऊ वारलेली, दोघांचा पत्ता नाही. नारळ पडला तरी तो कोणाचा यावर फोन येतो दहिसरहून. परवा एक चुलते म्हणाले माझ्या हिश्शाचे आंबे पेटीत भरून पाठव. हिस्सा म्हणजे किती माहितेय? दीड फांदी. तर त्याचा दुसरा भाग बघायची मला गरज नाही, मी त्यात काम करतोय.

रातांबे_फोडणारी
दीड फांदी 😂😂 अर्धी कुठली धरायची

माहेर_वेंगुर्ला
गंमत बघा, झपाटलेलातला तात्या विंचू, नारबा आणि सप्टेंबर २०२५ मधल्या 'दशावतार'मधला म्हातारा, तिघेही दिलीप प्रभावळकरच. 'दशावतार' आला तेव्हा ऐंशी ओलांडलेली. माझे वडील पूर्वी दशावतारात राक्षस करायचे. त्यांना थेटरात घेऊन गेले, संपल्यावर उठेनात. मला वाटलं पाय आखडले. म्हणाले, थांब, पेटारा भरून होऊ दे. त्यांच्या डोक्यात नाटक संपलं की मंडळी पेटारा भरतात आणि पुढच्या गावाला जातात. याचा दुसरा भाग काढतील का, असं घरी येईपर्यंत तीनदा विचारलं त्यांनी.

तिठ्यावरचो
खंयच्या मंडळात हुते गो तुजे बापूस?

माहेर_वेंगुर्ला
व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

किनाऱ्यावरची_बदली
'किल्ला' कोणी लिहिलेला दिसत नाही. आई बँकेत होती माझी, दर तीन वर्षांनी नवं गाव. श्रीवर्धन, देवगड, मग दापोली. त्यातल्या चिन्मयला मित्र पावसात किल्ल्यात सोडून पळून जातात तो प्रसंग आला आणि मी नवऱ्याचा हात इतका जोरात धरला की तो म्हणाला अंगठी रुतते. मला सोडलं होतं असं देवगडला, किल्ल्यात नाही, करवंदाच्या जाळीत. संध्याकाळ झालेली. एक मुलगी परत आली न्यायला, तिच्या ओच्यात माझ्या वाटणीची करवंदं होती. बदली झाली तेव्हा तिचा पत्ता घेतला नाही. घ्यायचा असतो हे कुठे माहीत होतं.
चिन्मय परत त्या गावात येतो, असा पुढचा भाग हवाय मला. बाकी काही घडलं नाही तरी चालेल.

रातांबे_फोडणारी
अगं त्या मुलीचं नाव आठवतंय का? देवगडच्या ग्रुपवर टाकू.

किनाऱ्यावरची_बदली
फक्त घरचं नाव आठवतंय गं. घरात तिला बेबी म्हणायचे.

सडा_आणि_समुद्र
देवगडात त्या वयाच्या चारशे बेब्या सापडतील

दुपारची_पेज
'श्वास'. २००४. त्यातला परशा आठवतो का, डोळ्यांचा कॅन्सर झालेला, आजोबा त्याला कोकणातून शहरात घेऊन जातात. माझ्या भावालाही तोच आजार, एकाच डोळ्याला. आमचे आजोबा त्याला घेऊन मुंबईला गेले होते, पांढरा लेंगा, हातात पिशवी, तस्सेच. आधी एका ठिकाणी काही नाही म्हणून परत पाठवलेलं, त्यात दोन महिने गेले. डोळा काढला, जीव वाचला. भाऊ आता चौतीस वर्षांचा, आंब्याची बाग बघतो, कलमावर चढला की एका डोळ्याने आमच्या दोनापेक्षा जास्त फळं हेरतो. सिनेमा त्याने बघितला नाही, आवाज ऐकला फक्त, पाठ करून पडला होता.
परशा मोठा झाला असेल आता. काय करतो तेवढंच कळलं तरी पुरे मला.

डबलबेल
भावाला नमस्कार सांगा माझा.

जगबुडीकाठ
💐

दुपारची_पेज
सांगते. पेटीला भाव काय चाललाय ते विचारतोय तो सगळ्यांना.

पिंपळपार
'मुंज्या' राहिला. 'महा मुंज्या' २४ डिसेंबर २०२७ ला जाहीर केलाय. आमची आजी पहिला बघून म्हणाली, आपल्या पिंपळावरचा असा नाही, आपला सभ्य आहे. बायकांच्या मागे लागत नाही, फक्त तांब्या मागतो. तो तांब्या म्हणजे काय हे मी विचारलं तर पितळी तांब्या शोधायला उठली. मिळाला नाही. मोडीत घातला आईने. आता दोघी बोलत नाहीयेत.

वाडीवरचा
सगळ्यांचं वाचून दाखवलं आईला. 'माहेरची साडी'च असणार म्हणाली, म्हणजे @रातांबे_फोडणारी पैज जिंकलात.
मग आतेभावाला फोन लावला. वाशीला असतो. म्हटलं दादा, तो कौलांवरचा बाहुला पुढे कुठे न्यायचा होता तुला? तो म्हणतो, मी कुठे सांगायचो? तू सांगायचास. मी सिनेमा बघितलाच नव्हता, थापा मारलेल्या. तू म्हणालास मला माहितेय पुढचं, आणि सुरू झालास. मीच घाबरून मुंबईला गॅलरीत झोपायचा बंद झालो.
आईला विचारलं खरं कोण सांगायचं. म्हणाली, मला काय माहीत, मी झोपलेली असायचे. गरे संपव आधी, चीक वाळतोय.

पनवेल_ते_पणजी
कोणी सांगेल का, तुतारी एक्सप्रेसचं वेटिंग ६४ आहे, होईल का कन्फर्म?

डबलबेल
एसटीने या.