चेनसॉच्या चेनला तेल पोहोचत नाही. क्लच उघडण्याआधी मदत हवी आहे

माझ्या पेट्रोल चेनसॉची तेलाची टाकी भरलेली असूनही चेन कोरडी फिरते आणि थोड्याच कापणीत गाइड बार (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते ती) इतका तापतो की त्यावरचा रंग करपू लागला आहे. इंजिन थंड झाल्यावर, स्पार्क प्लगची वायर काढून व हातमोजे घालून मी बार उतरवला, त्याच्या खाचेत घट्ट बसलेला तेलकट भुसा खरवडला आणि तेलाचे छिद्रही मोकळे केले. तरीही बारचे टोक कोऱ्या कागदापासून थोडे दूर धरून इंजिन रेझ केले असता कागदावर तेलाचा एकही शिंतोडा उमटत नाही. टाकीतील गाळणी स्वच्छ आहे, त्यामुळे माझा संशय तेलपंपावर किंवा त्याला फिरवणाऱ्या वर्म गिअरवर (स्क्रूसारख्या दात्यांच्या गिअरवर) आहे; तिथे पोहोचायला क्लच काढावा लागेल.

क्लचचे आटे बहुधा उलटे असतात, हे ठाऊक आहे. परंतु क्लच सोडवताना इंजिन फिरू नये यासाठी पिस्टन अडवायला प्लगच्या छिद्रातून दोरी घालताना ती एक्झॉस्टच्या खिडकीत (सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याच्या छिद्रात) अडकू नये म्हणून पिस्टन नेमका किती वर आणावा? तसेच गिअर झिजलेला निघाल्यास पंपही बदलावा लागेल का? (इंजिनाचे जळके तेल चेनला वापरण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये.)